चाळिसाव्या भागाचा हिशेब

शाबान महिना लागला की आमच्या घरी पिशव्या यायला लागतात. कुणाची प्लास्टिकची, कुणाची लग्नाच्या आहेरातली कापडी. आत बँकेची पासबुके, मुदत ठेवींच्या पावत्या, सराफाच्या चिठ्ठ्या, दुकानातल्या मालाच्या याद्या आणि हातउसन्या दिलेल्या पैशांची टिपणे. बँकेत चौतीस वर्षे काढल्यामुळे माझी बेरीज चुकत नाही असा नातेवाइकांचा समज झाला आहे, आणि तो मोडण्याचे मलाही काही कारण दिसत नाही. शाबाननंतर रमजान. त्याआधी प्रत्येकाला आपली जकात किती निघते हे पैशापर्यंत कळायला हवे असते.

मराठी वाचकाला ‘जकात’ म्हटले की जकातनाका आठवतो. ट्रकच्या रांगा आणि खिडकीआडचा कारकून. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि मुंबईच्या वेशीवरचे ते नाके बंद झाले. शब्द मात्र तोच, अरबीतून आलेला. करवसुलीच्या भाषेबरोबर तो मराठीत शिरला आणि इथलाच होऊन गेला. मूळ अरबी शब्दात शुद्ध होणे आणि वाढणे असे दोन्ही अर्थ आहेत. नमाज, रोजा, हज यांच्या पंक्तीला बसणारे हे कर्तव्य. वर्षभर हातात राहिलेली रोकड, सोने, चांदी, विक्रीचा माल ठरावीक मर्यादेच्या वर गेला, की त्याचा चाळिसावा भाग, म्हणजे शेकडा अडीच, गरजूंचा. ‘गरजूंचा’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. बँकेच्या भाषेत सांगायचे तर ताळेबंदात ही रक्कम देणे या बाजूला लिहायची असते. ती आपल्याकडे राहून गेलेली दुसऱ्याची ठेव आहे.

हा हिशेब किती बारकाईने केला जातो याची इतरांना कल्पना नसते. मर्यादेलाच दोन मापे आहेत: साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी. प्रेषितांच्या काळात या दोन्हींची किंमत साधारण सारखी होती. आता चांदीचे माप सोन्याच्या मापापेक्षा कित्येक पटींनी खाली आले आहे. म्हणजे चांदी धरली तर बेताची शिल्लक असलेली शिक्षिकाही देणारी ठरते आणि सोने धरले तर बऱ्यापैकी खाऊनपिऊन सुखी माणूस सुटतो. आपल्याकडचे बरेच उलेमा चांदी धरायला सांगतात, कारण त्यात गरिबाचा फायदा आहे. शेतीचा नियम आणखी वेगळा. पावसावर आलेल्या पिकाचा दहावा भाग द्यायचा, मोटेने पाणी ओढून काढलेल्या पिकाचा विसावा. ज्याचा घाम आणि खर्च जास्त, त्याचे देणे निम्मे. चौदाशे वर्षांपूर्वीच्या या नियमात उत्पादनखर्चाचा विचार आहे, ही गोष्ट मला बँकेत शेतीकर्जे तपासताना नेहमी आठवायची.

दागिन्यांचे प्रकरण तर आमच्या घरातच गमतीचे आहे. आम्ही कोकणी मुसलमान शाफई पंथाचे. आमच्याकडे बाईच्या नेहमीच्या वापरातल्या दागिन्यांवर जकात नाही. घाटावरचे बहुतेक मुसलमान हनफी. त्यांच्याकडे वापरातल्या सोन्यावरही आहे. आमची सून सोलापूरची. त्यामुळे एकाच कपाटातल्या एकाच डब्यातून तिच्या पाटल्या तराजूवर जातात आणि माझ्या बायकोच्या जात नाहीत. सून म्हणते, ‘अम्मी, तुमचे बरे आहे.’ यावर बायको काही बोलत नाही, पण वर्षाअखेर सदका म्हणून तेवढीच रक्कम बाजूला काढते. तिचा स्वभाव कुणाच्या हिशेबात कमी पडायचा नाही.

हे सगळे सविस्तर सांगायचे कारण असे की हिशेबाच्या बाजूला इतकी दक्षता आणि वाटपाच्या बाजूला जवळपास काहीच नाही. जकात किती, हे विचारायला माणसे दोन बस बदलून येतात. ती कोणाला, किती, कधी आणि कशासाठी द्यावी, हे विचारायला गेल्या वीस वर्षांत माझ्याकडे आलेल्यांची संख्या दोन्ही हातांच्या बोटांवर संपेल. रक्कम निघाली की बँकेतून शंभराच्या कोऱ्या नोटांचे बंडल आणायचे, दाराशी येईल त्याला एकेक द्यायची, उरलेले पावतीपुस्तक घेऊन येणाऱ्याच्या हाती ठेवायचे आणि मोकळे व्हायचे. सत्ताविसाव्या रात्रीपर्यंत बंडल संपले की सुटल्यासारखे वाटते.

रांगेचा भाव

सोय म्हणून चालते हे, त्यात कुणाचे काय बिघडले, असे कोणी म्हणेल. जुलै २०१५ मध्ये बांगलादेशात मयमनसिंह शहरात एका जर्दा कारखानदाराच्या घरी जकातीचे कपडे वाटायचे होते. पहाटे फाटक उघडले आणि चेंगराचेंगरीत वीसहून अधिक माणसे मेली. बहुतेक बायका आणि मुले. मार्च २०२३ च्या अखेरीस कराचीत एका कारखान्यात रमजानची मदत वाटताना अकराहून अधिक बायका-मुलांचे प्राण गेले. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, ईदच्या तोंडावर, येमेनची राजधानी साना येथे व्यापारी पैसे वाटत होते. तिथे ऐंशीच्या आसपास माणसे चेंगरून मेली. माणशी मिळणार होते सुमारे पाच हजार येमेनी रियाल. म्हणजे अमेरिकी नऊ-दहा डॉलर.

या तिन्ही ठिकाणी दाता दुष्ट नव्हता. त्याने आपला चाळिसावा भाग बहुधा माझ्या पाहुण्यांइतक्याच काळजीने काढला असेल. पण देण्याची जी तऱ्हा त्याने निवडली तिच्यात रांग होती, फाटक होते आणि आधी पोचेल त्याला मिळेल हा नियम होता. असा नियम असला की सगळ्यांत अशक्त माणूस सगळ्यांत मागे राहतो किंवा पायाखाली येतो. जकात ज्याच्यासाठी आहे तोच नेमका.

बांगलादेशातल्या कापडबाजारात रमजानमध्ये ‘जकातीच्या साड्या’ वेगळ्या मिळतात. दुकानावर तशी पाटीच असते. विरळ सुताच्या, दोन धुण्यांत विरणाऱ्या साड्या; स्वतःच्या घरात कोणी नेसणार नाही अशा. हिंदू वाचकांनी हसू नये, ‘देण्याघेण्याच्या साड्या’ हा प्रकार आपल्याकडे सर्वधर्मीय आहे. ब्लाउजपीस न शिवता पंधरा घरे फिरून येतो तो याच न्यायाने. पण आहेराच्या साडीने कोणाचे अडत नाही. जकातीच्या साडीसाठी जी बाई पहाटे तीनपासून उभी असते तिचे खरेच अडलेले असते. तिला साडीच हवी होती की औषधाचे पैसे, हे मात्र तिला कोणी विचारलेले नसते.

शास्त्र काय म्हणते

धर्मशास्त्र या बाबतीत आपल्या सवयींपेक्षा फार पुढे आहे. जकात कोणाला द्यावी याचे आठ वर्ग कुराणात सांगितले आहेत. त्यात फकीर आणि मिस्कीन हे दोन गरिबांचे, आणि कर्जात बुडालेला व वाटेत अडकलेला प्रवासी हेही आहेत. जकात गोळा करून वाटण्याचे काम करणाऱ्यांचा वर्गसुद्धा त्यात आहे. म्हणजे वाटप हे कष्टाचे, मोबदल्याचे काम आहे हे तिथे गृहीत धरलेले आहे. दाराशी येईल त्याच्या हातावर टेकवणे एवढेच ते काम असते तर त्यासाठी वेगळा वर्ग कशाला लागला असता?

किती द्यावे, यावरही विचार झाला आहे. तेराव्या शतकात सीरियात होऊन गेलेले इमाम नववी हे आमच्या शाफई पंथाचे मोठे आधार. त्यांनी नोंदवलेले मत असे की गरजवंताला त्याची गरज कायमची फिटेल इतके द्यावे. कारागीर असेल तर त्याला हत्यारे घेता येतील इतके, व्यापारी असेल तर त्याच्या धंद्याला पुरेल इतके भांडवल. हनफी पंथाचा कल थोडा वेगळा आहे. एका माणसाला निसाबाएवढी रक्कम एकदम देणे त्यांना पसंत नाही. पण तो कर्जदार असेल किंवा त्याच्या पदरी पोरेबाळे असतील तर त्यांनाही चालते. पदरी पोरेबाळे नसलेला गरीब मी तरी आमच्या वस्तीत फारसा पाहिलेला नाही.

आणखी काही गोष्टी आहेत, ज्या मशिदीतल्या प्रवचनात क्वचितच ऐकू येतात. जकात रमजानमध्येच द्यावी असे बंधन नाही. प्रत्येकाचे वर्ष त्याच्या संपत्तीला जेव्हा वर्ष होते तेव्हा पुरे होते, आणि वर्ष भरण्याआधी आगाऊ देणेही चालते. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान. २०१५ साली रमजान जूनमध्ये आला होता. तेव्हा शाळा-कॉलेजच्या फीचा मोसम आणि जकातीचा मोसम एकच होता. नंतर तो मागे मागे सरकत मार्च-फेब्रुवारीत गेला. फी मात्र जूनमध्येच भरावी लागते. मार्चमध्ये शंभराची नोट मिळालेल्या विधवेने ती जूनपर्यंत सांभाळून ठेवावी अशी अपेक्षा ज्यांना करावीशी वाटते त्यांनी एकदा तिचा वाणसामानाचा हिशेब पाहावा.

आणि देताना ‘ही जकात आहे’ असे घेणाऱ्याला सांगणे बंधनकारक नाही. देणाऱ्याच्या मनात तसा हेतू असला की पुरे. आई-वडील, मुले यांना जकात देता येत नाही, कारण त्यांचा सांभाळ हे आपले कर्तव्यच आहे. पण गरजू भाऊ-बहीण, काका, मावशी यांना देता येते, आणि त्यात दानाबरोबर नाते जपल्याचेही पुण्य आहे. ज्याची नोकरी गेली आहे असा सख्खा भाऊ रांगेत येऊन कधी उभा राहणार नाही. त्याच्या मुलीच्या फीची पावती त्याच्या घरी पोचली तर ती कोणत्या खात्यातून आली हे त्याला कळण्याची गरजही नाही.

आमची अकरा घरे

हे सगळे वाचल्यावर आपणही काही करावे असे आमच्या इमारतीतल्या आणि शेजारच्या गल्लीतल्या काही जणांना वाटले. संस्था नाही, नाव नाही, फलक नाही. २०१६ पासून अकरा घरे आपल्या जकातीचा निम्मा भाग एकत्र करतात. उरलेला निम्मा ज्याने त्याने आपल्या मनाप्रमाणे द्यावा. त्यात कोणी नाक खुपसायचे नाही. ही अट घातली नसती तर आम्ही पहिल्याच वर्षी फुटलो असतो.

ठरले एवढेच की थोड्यांना द्यायचे पण पुरेसे द्यायचे. नावे बायका आणतात, कारण कोणाच्या घरात गॅस सिलिंडर किती दिवस रिकामा आहे हे त्यांना ठाऊक असते. फोटो काढायचा नाही. कोणालाही आपल्याकडे बोलवायचे नाही, आपण जायचे. पहिल्या वर्षी सहा घरे झाली. त्यातली एक बाई घरी शिवणकाम करायची आणि पिको-फॉलसाठी कपडे बाहेर पाठवायची. मजुरीतला मोठा भाग तिथे जायचा. तिला मशीन घेऊन दिले. एका रिक्षावाल्याने बायकोच्या बाळंतपणासाठी खासगी सावकाराकडून पैसे उचलले होते आणि तीन वर्षे तो फक्त व्याज भरत होता. त्याची संमती घेऊन आम्ही मुद्दल परस्पर फेडली आणि सही केलेला कागद परत आणला. तो कागद त्याने आमच्यासमोरच जाळला. पुढच्या वर्षी त्याने आपणहून पाचशे रुपये आणून दिले, ‘यात टाका’ म्हणून.

मशीन घेतलेल्या बाईने मात्र चार महिन्यांनी ते विकले. नवऱ्याचे हर्नियाचे ऑपरेशन निघाले होते. आमच्यातले दोघे-तिघे चिडले. मग आमच्या मशिदीच्या मौलानांनी शांतपणे समजावले की जकातीत ‘तमलीक’ असते; म्हणजे दिलेली वस्तू पूर्णपणे घेणाऱ्याच्या मालकीची होते. तिने ते मशीन चालवावे, विकावे, की बहिणीला द्यावे, हा तिचा प्रश्न. तुमचे नाव त्या मशीनवरून त्याच क्षणी पुसले गेले. मला हे फार आवडले. बँकेत आम्ही कर्ज दिल्यावर म्हैस खरेच घेतली की नाही ते पाहायला जायचो. इथे म्हैस पाहायला जायचा अधिकारच नाही.

याच मौलानांचा आमच्या उद्योगाला एक आक्षेप होता आणि तो मी इथे नोंदवला पाहिजे. ते म्हणाले, तुम्ही सुशिक्षित माणसे गरिबाची मुलाखत घ्यायला लागाल. कागद मागाल, प्रश्न विचाराल, आणि ज्याला नीट बोलता येते त्यालाच द्याल. ज्याच्या तोंडून शब्द फुटत नाही तो तुमच्या फायलीत येणारच नाही. शिवाय भुकेल्याला आधी जेवण लागते, योजना नंतर. त्यांचे म्हणणे खरे आहे. म्हणूनच इफ्तारची पंगत, ईदच्या सकाळच्या नमाजाआधीचा फितरा, बकरी ईदच्या मटणाचा वाटा यांच्यामागे हिशेबाची वही घेऊन लागणे मला मान्य नाही. सणाच्या दिवशी गरिबाच्या घरीही सण असावा एवढाच त्याचा हेतू आहे आणि तो पुरेसा आहे. प्रश्न जकातीच्या मोठ्या रकमेचा आहे. ती वर्षानुवर्षे सुट्या नोटांत विरून जाते.

ती जाते त्यातली मोठी वाट पावतीपुस्तकाची. रमजानमध्ये उत्तरेकडून, आणि आता आपल्या मराठवाड्यातूनही, मदरशांचे वसुली करणारे येतात. त्यांना सफीर म्हणतात. बहुतेक जण सरळ, दमलेले, लोकलच्या गर्दीत पिशवी सांभाळणारे असतात. काहींना वसुलीतला हिस्सा ठरलेला असतो. ही पद्धत अनेक मुफ्तींनी नापसंत केली आहे, तरी ती चालते. मदरशात शिकणारी मुले खरोखर गरीब घरची असतात आणि त्यांच्या जेवणाला जकात लागू होते, यात वाद नाही. पण २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाप्रमाणे शाळेच्या वयाच्या मुसलमान मुलांपैकी मदरशात जाणारी जेमतेम तीन-चार टक्के. आणि सहा ते चौदा वयाची पंचवीस टक्के मुले एक तर शाळेत कधी गेलीच नव्हती किंवा मध्येच गळली होती. या पंचवीस टक्क्यांच्या नावाने पावतीपुस्तक घेऊन आमच्या दाराशी कोणी आलेले नाही. मी सफीरांना नाही म्हणत नाही. पण धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे का, हिशेब तपासलेला आहे का, मुले किती, हे विचारतो. ज्यांच्याकडे असते ते आनंदाने दाखवतात.

सगळ्यात जास्त पैसा बुडतो तो मात्र दवाखान्यात. एखाद्याचे ऑपरेशन निघाले की मोबाइलवर निरोप फिरतो, चार लाख हवेत. लोक भराभर देतात, कारण मरण समोर दिसते. फार थोड्यांना ठाऊक असते की महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेली ही योजना आहे. शिवाय महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाची सरकारी आरोग्य योजना आहे. अडते ते उत्पन्नाच्या दाखल्यावर, रेशनकार्डावरच्या नावावर, कोणत्या खिडकीवर उभे राहायचे त्यावर. म्हणून आम्ही वस्तीतली एक पदवीधर मुलगी अर्ध्या वेळेसाठी नेमली. ती रुग्णाबरोबर जाते, अर्ज भरते, समाजसेवा अधिकाऱ्याला भेटते. तिचा पगार जकातीतून द्यावा का यावर उलेमांत मतभेद आहेत, म्हणून तो आम्ही वेगळ्या वर्गणीतून देतो. तिच्या एका महिन्याच्या पगारात जी बिले वाचतात त्यांची बेरीज मी ठेवतो. ती बेरीज मशिदीत वाचून दाखवली तेव्हा वर्गणी आपोआप वाढली.

पीठ आणि चक्की

पूर्वजांना हे सुचले नव्हते असे समजू नये. छत्रपती संभाजीनगरची, म्हणजे जुन्या औरंगाबादची, पाणचक्की आपल्यातल्या बहुतेकांनी शाळेच्या सहलीत पाहिलेली असते. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात डोंगरातल्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून खेळवत आणले, ते उंचावरून सोडून अठराव्या शतकात चक्की फिरवली, आणि तिथे येणाऱ्या फकिरांसाठी, यात्रेकरूंसाठी धान्य दळले जाऊ लागले. सहलीतली मुले हौदातले मासे बघतात. मला तिथे गेल्यावर वेगळेच वाटते. कोणा दात्याला रोज पीठ वाटता आले असते. तो मेला की पीठ बंद. इथे झऱ्याला कामाला लावले आहे. वक्फ म्हणतात ते हेच: मूळ मालमत्ता विकायची नाही, तिचे उत्पन्न मात्र लोकांसाठी चालत राहिले पाहिजे.

महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाचे मुख्य कार्यालय याच पाणचक्कीच्या आवारात आहे, ही योगायोगाची गोष्ट मोठी बोलकी आहे. सच्चर समितीने देशातल्या वक्फांचा हिशेब मांडला होता. चार लाख नव्वद हजार नोंदलेल्या मालमत्ता, सहा लाख एकर जमीन, बाजारभाव अंदाजे एक लाख वीस हजार कोटी. आणि वर्षाचे उत्पन्न १६३ कोटी. भागाकार मी करून ठेवला आहे: शंभर रुपयांमागे चौदा पैसे. एवढ्या व्याजावर ठेव ठेवणारा ग्राहक मी चौतीस वर्षांत पाहिला नाही. समितीचे म्हणणे असे की दहा टक्के उत्पन्न काढले तर दरसाल बारा हजार कोटी येतील. पाच रुपये भाड्याचे जुने करार, अतिक्रमणे, काही सरकारी खात्यांनीच बळकावलेल्या जागा, आणि मुतवल्ली म्हणजे विश्वस्त, ज्यांतल्या काहींनी ट्रस्टला घरचा वाडा मानले. २०२५ मध्ये कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि तिच्यावरून रणे माजली, कोर्टकचेऱ्या झाल्या. त्या वादात इथे शिरत नाही. एवढेच म्हणतो की चक्की बंद पडून राहिली होती ती त्याच्या कितीतरी आधीपासून.

चालत्या चक्क्याही आहेत. मुंबईत १८७४ साली बद्रुद्दीन तय्यबजींनी काही सहकाऱ्यांबरोबर अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली. त्या सहकाऱ्यांत नाखुदा महंमद अली रोघे हे आमचे कोकणी व्यापारी होते. जहाजावर माल चढवणाऱ्या माणसाला शाळेत पैसा गुंतवावासा वाटला, याचा आम्हा कोकण्यांना अजून पुरेसा अभिमान नाही. त्यांचा पैसा वाटून संपला असता तर दीडशे वर्षांत त्याचे नावनिशाण राहिले नसते. साबू सिद्दिक यांच्या नावाने क्रॉफर्ड मार्केटजवळ मुसाफिरखाना आहे आणि भायखळ्याला १९३६ पासून तंत्रशिक्षणाची संस्था आहे. कोकणातल्या किती फिटर, ड्राफ्ट्समन पोरांनी तिथून आखाताची वाट धरली असेल! आज त्याच पोरांच्या पैशातून गावोगावी मशिदींना संगमरवर लागतो. गावातल्या तिशीतल्या मुलाला आयटीआयला घालायला मात्र जमातीची सभा भरत नाही.

पाकिस्तानात सरकारनेच १९८० साली कायदा करून बचत खात्यांतून रमजानच्या पहिल्या दिवशी अडीच टक्के कापायला सुरुवात केली. शियांनी मोर्चे काढून सूट मिळवली आणि इतरांनी आदल्या दिवशी पैसे काढून घ्यायची युक्ती शोधली. सक्तीच्या जकातीवर विश्वास बसला नाही. त्याच देशात २००१ मध्ये लाहोरात डॉ. अमजद साकिब यांनी ‘अखुवत’ सुरू केली. पहिले कर्ज एका बाईला दहा हजार रुपयांचे, बिनव्याजी. पुढे मशिदीत बसून हजारोंना. फेडलेल्या पैशातून दुसऱ्याला. २०२१ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. विश्वास माणसांनी माणसांवर ठेवला की असे होते.

आपल्याकडचे उदाहरण इचलकरंजीचे. मे २०२० मध्ये, लॉकडाऊनमधल्या रमजानात, तिथल्या मुस्लिम समाजाने ईदचा खर्च आवरून ३६ लाख रुपये जमवले आणि सरकारी इंदिरा गांधी रुग्णालयात दहा खाटांचा अतिदक्षता विभाग उभारून दिला. ईदच्या दिवशी मुख्यमंत्र्यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. काटेकोर हनफी दृष्टीने यंत्रसामग्रीला जकात लागू होत नाही, कारण तमलीक होत नाही. आणि बहुसंख्य उलेमांच्या मते जकात मुसलमान गरजूलाच द्यायची असते. पण सदका, इमदाद यांना ती अट नाही. ते कोणालाही देता येतात. यंत्रमागाच्या गावातल्या लोकांनी मुफ्तींशी हुज्जत न घालता योग्य त्या खात्यातून योग्य ती वस्तू घेतली. त्या खाटांवर कोण निजले याची जातवार यादी कोणी ठेवली नसेल अशी माझी खात्री आहे.

आमच्या अकरा घरांची यंदाची बैठक झाली. बायकांनी चौदा नावे आणली आहेत आणि पैसे पाच घरांना पुरतील इतके आहेत. चार नावांवर एकमत आहे. पाचव्या जागेसाठी दोन नावे उरली: एक नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला गेलेली मुलगी, जिची फी जूनमध्ये भरायची आहे; आणि एक साठीचा गवंडी, जो मचाणावरून पडला तेव्हापासून कामावर गेलेला नाही आणि ज्याच्या घराचे चार महिन्यांचे भाडे थकले आहे. माझ्या सुनेचे मत मुलीच्या बाजूने, बायकोचे गवंड्याच्या. येत्या शुक्रवारी पुन्हा बसायचे ठरले आहे. तोवर घरमालकाला भेटून भाड्यात किती सवलत देतो ते विचारायला मला सांगितले आहे.